बोट दाखवलं म्हणून भोपळा सडतो का?

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कापलंय. तरी काही राहिले असतील, सांभाळून घ्या.)

आजचा भाग भोपळ्यावर आहे. परीक्षेत मिळतो तो नाही, क्रिकेटमध्ये फुटतो तोही नाही. भाजीवाल्याकडे फोडी करून ठेवलेला असतो ना, तो लाल भोपळा. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्याच्या वेलांचा हंगाम, म्हणून हा भाग आत्ताच करतोय.

पण सुरुवात भोपळ्यापासून नाही करत. सुरुवात एका मुठीपासून.

गेल्या महिन्यात माझी चार वर्षांची लेक आठवडाभर उजव्या हाताची मूठ आवळून फिरत होती. जेवताना उघडायची, चित्र काढताना उघडायची, की परत मूठ. आम्हाला वाटलं, कुठे लागलंय. तपासलं, काही नव्हतं. मग वाटलं, शाळेतला काहीतरी खेळ असेल. एका रात्री झोपताना तिने सांगितलं. तिच्या बोटामुळे एक भोपळा मेला होता. आणि आता तिला भलतीच भीती बसली होती.

ती भीती काय, ते सांगतो. पण आधी भोपळ्याकडे जाऊ, कारण उत्तर तिथेच आहे.

भोपळा कुठल्या झाडाला लागतो?

माझी मेव्हणी न्यू जर्सीला असते. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिने व्हिडिओ पाठवला होता. तिकडे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनच्या आधी लोक लहान मुलांना घेऊन भोपळ्याच्या शेतात जातात. त्याला म्हणतात पंपकिन पॅच. नजर जाईल तिथपर्यंत केशरी भोपळे, मुलं त्यातून आपापला निवडतात आणि ढकलगाडीत घालून आणतात. मग घरी तो कोरायचा आणि आत दिवा ठेवायचा. ही कोरायची पद्धत मुळात आयर्लंडमधली, तिथे सलगम कोरायचे. ते लोक अमेरिकेत गेले आणि त्यांना सलगमपेक्षा मोठी आणि कोरायला सोपी गोष्ट मिळाली.

हा व्हिडिओ आमच्या लेकीने मोजता येणार नाही इतक्या वेळा बघितला. या वर्षी गणपती झाल्यावर एक दिवस विचारलं, "बाबा, आपल्याकडचा भोपळा कुठे असतो?"

मी म्हटलं, "झाडाला."

बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "वेल असतो त्याचा!"

बीटेक, मंडळी. डिस्टिंक्शन. पण माझाही दोष नाही पूर्णपणे. मी नौपाड्यात वाढलोय. माझ्यासाठी भोपळा म्हणजे गावदेवी मार्केटमध्ये मिळणारी पाव किलोची फोड. अख्खा भोपळा आमच्या घरात कधी आलाच नाही, एवढा खाणार कोण? लेकीची तर खात्री होती की आपल्याकडचा भोपळा त्रिकोणीच असतो.

तर ठरलं, हिला खरा भोपळा दाखवायचा. बायकोचे मामा मुरबाडच्या बाजूला राहतात. ठाण्याहून कल्याणपर्यंत लोकल, कल्याणहून मुरबाड एसटीने साधारण ३० किलोमीटर, पुढे रिक्षा. बायकोला तेव्हा पाचवा महिना चालू होता, तिने एसटीच्या धक्क्यांना नकार दिला. त्यामुळे आम्ही दोघंच निघालो, बाप आणि लेक.

हे पाचव्या महिन्याचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळची पिवळी फुलं

पोचल्यावर पहिली निराशा. "शेत कुठाय?" लेकीने विचारलं. कारण शेत होतं भाताचं, हिरवंगार, पोटरीला आलेलं. आपल्या भागात पावसाळ्यात शेत म्हणजे भात. भोपळा असतो परसात. उकिरड्याच्या कडेला किंवा गोठ्याच्या मागे जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर दोन-चार बिया टोचायच्या, वेल आपला आपण चढतो. मामांच्या गोठ्याच्या अख्ख्या छपरावर वेल पसरला होता. शिडी लावून वर बघितलं तर पानांच्या खाली एक भोपळा बसलेला, कलिंगडाएवढा, अजून हिरवा. लेक एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "हा झोपलाय."

खरी मजा दुसऱ्या दिवशी सकाळी. मामींनी साडेसहाला उठवलं. "फुलं बघायचीत ना? मग आत्ताच. दहानंतर मिटतात."

हे मला अजिबात माहीत नव्हतं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, मोठं, गडद पिवळं, आणि ऊन चढेपर्यंत मिटतं. एकदा मिटलं की संपलं, ते परत उघडत नाही. एका फुलाला आयुष्यात एकच सकाळ मिळते.

दुसरी गोष्ट, फुलं दोन प्रकारची असतात आणि एकाच वेलावर असतात. नर फूल लांब, बारीक देठावर उभं असतं, आत मधोमध एकच पिवळा दांडा, हात लावला की पिवळी पूड. तेच पराग. मादी फूल आखूड देठावर असतं, आणि त्याच्या पाकळ्यांच्या खाली, फूल उमलायच्या आधीपासूनच, लिंबाएवढा एक छोटा भोपळा असतो. वेलावर आधी नर फुलं येतात, मादी मागाहून, आणि नरांची संख्या नेहमीच जास्त. म्हणून गच्चीवर ड्रममध्ये वेल लावणारे पहिले काही दिवस तक्रार करतात, "नुसती फुलं येतात, फळ धरत नाही." धरणार कसं? ती सगळी नर फुलं असतात. ती निवांत तोडा आणि डाळीच्या पिठात बुडवून भजी करा. मामींनी तेच केलं. चार फुलं वेलावर ठेवली, बाकीची तव्यावर.

हे सगळं बघताना लेकीला एक मादी फूल दिसलं. आदल्या दिवशीचं, मिटलेलं, आणि खाली सुपारीहून थोडा मोठा भोपळा. "बाबा, पिल्लू!" म्हणून तिने बोट दाखवलं.

मामी पटकन म्हणाल्या, "बोट नको दाखवू गं बाळा, सडतो तो. असं वाकडं बोट करून दाखव." आणि त्यांनी तर्जनी दुमडून दाखवली.

तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी हे लहानपणी ऐकलं असणार. कोवळ्या काकडीला, दुधीला, भोपळ्याला बोट दाखवू नये. दाखवायचंच तर बोट वाकवून. लेकीने लगेच बोट वाकवलं, मी हसलो, भजी खाल्ली, संध्याकाळी ठाण्याला परत. मला वाटलं विषय संपला.

मूठ

दहा-बारा दिवसांनी मामींचा व्हिडिओ कॉल आला. लेक म्हणाली, "माझं पिल्लू दाखव ना." मामींनी मस्करीत म्हटलं, "सडला गं तो! बोट दाखवलं होतंस ना?" सगळे हसले. तीही हसली, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून मूठ.

त्या रात्री मी पाठीवर हात फिरवत होतो, तेव्हा तिने अंधारात विचारलं, "बाबा, मी आईच्या पोटाला बोट दाखवलं होतं. वाकडं नव्हतं केलं."

मला दोन मिनिटं काही सुचलं नाही. खरंच दाखवलं होतं. महिनाभरापूर्वी शेजारच्या काकूंना, "इथे आमचं बाळ आहे" म्हणून. चार वर्षांच्या डोक्यात ते सगळं बरोबर जुळलं होतं. पोटात पिल्लू, वेलावर पिल्लू. एकाला बोट दाखवलं, ते सडलं.

"असं काही नसतं, झोप" हे उत्तर माझ्या तोंडात आलं होतं, पण मी गिळलं. एक तर तिच्याकडे पुरावा होता: बोट दाखवलं आणि भोपळा सडला. दुसरं, बाळाच्या बाबतीत सगळं नीट होईल अशी आम्हा सगळ्यांचीच इच्छा आहे, पण गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. उद्या काही कमी-जास्त झालंच, तर या मुलीने ते स्वतःच्या बोटाच्या खात्यावर लिहून ठेवलं असतं आणि कोणाला सांगितलंही नसतं. त्यामुळे भोपळा खरं कशाने सडला, हे शोधणं एकदम गरजेचं झालं.

भोपळा खरं कशाने सडतो?

ऑफिसमध्ये काही बिघडलं की आम्ही पहिल्यांदा लॉग बघतो. कोणाला काय वाटतं ते नंतर. तर मी सकाळी मामींना फोन लावला. "मामी, तो भोपळा सडला तेव्हा तुम्ही बघितला होता का? आत काय होतं?"

"अळ्या होत्या की जावईबापू. वरून भोक आणि आत नुसत्या अळ्या. या दिवसांत होतंच तसं."

सापडला आरोपी. आता नीट सांगतो. कोवळा भोपळा वेलावरून जायची मुख्य कारणं तीन.

पहिलं, परागीभवन न होणं. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. नर फुलातून मादी फुलात ते कोणीतरी उचलून न्यावे लागतात आणि ते काम मधमाश्या करतात. आपल्याकडे सातेरी, फुलोरी, आग्या माश्या आणि मोठे काळे भुंगे. भोपळ्यात जितक्या बिया, तितके परागकण पोचावे लागतात, आणि एका भोपळ्यात बिया शेकड्यांनी असतात. म्हणजे एक माशी एकदा येऊन गेली तर पुरत नाही, त्या एका सकाळी बऱ्याच फेऱ्या व्हाव्या लागतात. पराग अगदीच कमी पडले तर पाकळ्यांखालचा तो लिंबाएवढा भोपळा पिवळा पडतो, मऊ होतो आणि काही दिवसांत गळतो. थोडे कमी पडले तर एका बाजूने फुगलेला, वाकडा भोपळा तयार होतो. आणि नेमकं त्या सकाळी पाऊस कोसळत असेल तर माश्या बाहेरच पडत नाहीत. सप्टेंबरमध्ये अशा सकाळी किती असतात, ते ठाणेकरांना मी सांगायला नको.

इथे एक गंमत. लाल भोपळा मूळचा आपला नाहीच, अमेरिका खंडातला आहे. मेक्सिकोतल्या एका गुहेत त्याच्या कुळातल्या लागवडीच्या बिया सापडल्यात, जवळपास १०,००० वर्षं जुन्या. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर युरोपच्या जहाजांतून हे वेल जगभर पसरले आणि आपल्याकडे आले. तिकडे भोपळ्याच्या फुलांवरच जगणाऱ्या खास माश्या आहेत, पहाटे फूल उघडताच हजर होतात. त्या माश्या तिकडेच राहिल्या, बी मात्र इकडे आलं. आपल्या सातेरीने ते परकं फूल आपलंसं केलं, म्हणून आज ऋषिपंचमीच्या भाजीत लाल भोपळा असतो आणि आपल्याला वाटतं तो आपल्या ऋषींच्या काळापासून आहे.

दुसरं कारण, फळमाशी. हिचा मधमाशीशी काही संबंध नाही. फळमाशीची मादी कोवळ्या सालीला टोचून आत अंडी घालते. अंड्यातून अळ्या निघतात, आतला गर खातात, टोचलेल्या जागेतून कुज शिरते आणि फळ सडतं. साल कोवळी असते तोवरच तिला हे जमतं, एकदा साल टणक झाली की भोपळा बराचसा सुरक्षित. पावसाळ्यातल्या दमट हवेत हिचं फावतं. उपाय सोपे आहेत. सडलेली फळं वेलाखाली न ठेवता खोल पुरायची, नाहीतर त्यातूनच नवी माशी निघते. कोवळ्या फळाला कागद गुंडाळायचा. जास्त वेल असतील तर नर माशीला भुलवणारे सापळे मिळतात ते टांगायचे.

तिसरं कारण, वेलाचा स्वतःचा हिशोब. वेलावर आधीच एक-दोन मोठे भोपळे पोसले जात असतील, तर मागून आलेली फळं तो स्वतःच सोडून देतो. ताकद मर्यादित आहे, सगळ्यांना पुरणार नाही. मामांच्या गोठ्यावर तो झोपलेला दांडगा भोपळा होताच.

या तिन्ही यादीत बोट कुठेही नाही.

मग ही समजूत टिकली कशी?

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, कारण यात आपण सगळेच सापडतो.

आपण बोट कोणत्या भोपळ्याला दाखवतो? मोठ्याला नाही. नवीन, छोटं, गोंडस दिसलं की म्हणतो, "ते बघ, आलं!" आणि वेलावरून सगळ्यात जास्त गळतात ती कोणती? तीच, नवीन आणि छोटी. म्हणजे बोट बरोबर त्याच फळाकडे जातं ज्याची गळायची शक्यता आधीच भरपूर आहे. ते गळलं की लक्षात राहतं, "मी म्हटलं नव्हतं?" आणि बोट दाखवूनही जो भोपळा टिकला, त्याचे आपण घारगे करून खातो. घारगे खाताना कोणी म्हणत नाही, "अरे, याला तर बोट दाखवलं होतं!"

दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे आम्ही इंजिनियर लोक कॉलेजात शिकतो. मग परीक्षेच्या दिवशी ठरलेलाच शर्ट घालून जातो. त्यामुळे मामींना हसायचा मला तरी हक्क नाही.

शिवाय ही समजूत अगदीच बिनकामाची नाही. ज्या घरात दहा पोरं परसात हुंदडतात, तिथे "कोवळ्या फळाला हात लावू नका" कितीदा सांगणार? कोवळ्या फळाची साल नाजूक, नख लागलं की तिथून कुज शिरते. देठ हिसकला की फळ गेलं. "बोट दाखवलं तरी सडतं" म्हटलं की हात लावायचा प्रश्नच मिटला. भोपळ्यासाठी हा नियम चांगलाच आहे. पोरासाठी तो कधी कधी जड होतो, एवढंच. कारण मोठ्यांना तो नियम वाटतो आणि लहानांना तो खरा वाटतो.

लेकीला मी हे सगळं असं सांगितलं नाही अर्थात. तिला दोन माश्यांची गोष्ट सांगितली. एक माशी आली की भोपळा मोठा होतो, दुसरी आली की सडतो. तुझ्या पिल्लाकडे दुसरी आली होती, मामीआजीने आत अळ्या बघितल्या. आणि आईच्या पोटातल्या बाळापर्यंत ना ती माशी पोचते ना तुझं बोट. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मूठ मात्र उघडली नाही. ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं.

दुसरी फेरी

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही परत मुरबाडला गेलो.

माझ्या डोक्यात प्रयोग होता. दोन फुलं घ्यायची, दोन्हींना सरळ बोट दाखवायचं आणि फळं टिकतात की नाही बघायचं. ट्रेनमध्ये मुंब्रा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ही भयंकर कल्पना आहे. नेमकी दोन्ही गळली तर? मी स्वतःच्या हाताने तिचा संशय पक्का केला असता. म्हणून मी थोडी लबाडी करायची ठरवली. परागीभवन आपणच करायचं आणि नंतर कागद गुंडाळायचा, म्हणजे गळायची दोन कारणं कमी झाली. शास्त्रज्ञ याला प्रयोग म्हणणार नाहीत. बाप म्हणतील.

शनिवारी संध्याकाळी मामांनी बॅटरी घेऊन उद्याची फुलं शोधायला शिकवलं. ज्या कळीचं टोक पिवळं होऊन फुगलंय, ती उद्या पहाटे उमलणार. अशा दोन मादी कळ्या सापडल्या. लेकीला हे प्रचंड आवडलं, 'उद्याचं फूल' आज ओळखता येतं म्हणून.

त्याच बॅटरीच्या उजेडात कुंपणावर पांढरी फुलं दिसली, पूर्ण उमललेली. ती दुधीची. दुधी पण भोपळाच म्हणतो आपण, पण कारभार उलटा. लाल भोपळ्याचं फूल पिवळं, सकाळचं, मधमाश्यांचं. दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलणारं, रात्री येणाऱ्या पतंगांचं. आणि दुधीच्याच जातीतले मोठे कडू भोपळे वाळवून मिरजेत तंबोरे होतात. दुधी मूळचा आफ्रिकेतला, पण आपल्याकडे लाल भोपळ्याच्या कितीतरी आधीपासून आहे. लेकीचा निष्कर्ष: "एक भोपळा सकाळच्या शाळेत जातो, एक रात्रीच्या."

रविवारी साडेसहाला दोन्ही फुलं उमलली होती. एक ताजं नर फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या, उरला मधला दांडा. तो मादी फुलाच्या मधल्या गोळ्यावर हलक्या हाताने फिरवायचा, सगळीकडे लागेल असा. बस, एवढंच असतं. गच्चीवर वेल असेल तर तुम्हीही करून बघा, फक्त नऊच्या आत. एक फूल मी केलं, एक लेकीने. तिने दांडा मुठीत धरला होता, मग नीट फिरवता येईना, म्हणून बोटांत धरला. बोटं पिवळी झाली.

मग मी म्हटलं, "आता दाखव कुठलं तुझं." ती थबकली. बोट अर्धं वाकलेलं.

मामी बाजूला केर काढत होत्या. मी त्यांना आधी काहीच सांगितलं नव्हतं, पण बायकोने फोनवर सांगितलं होतं बहुतेक. त्या आल्या, खराटा भिंतीला टेकवला आणि स्वतःची तर्जनी सरळ, ताठ, त्या फुलाकडे केली. "हे ना तुझं? आणि ते बाबाचं." दुसऱ्याकडेही तशीच. "आता सडलं तर माझ्यामुळे. तू पण दाखव."

साठीच्या बाईने आयुष्यभर पाळलेली गोष्ट एका पोरीसाठी बाजूला ठेवली. माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा ते जास्त कामाला आलं.

लेकीने सरळ बोट दाखवलं. दोन्हींना.

तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल तर

बऱ्याच जणांकडे गावाला घर नसतं, मला कल्पना आहे. पण ओळखीचं कोणी ना कोणी असतं शहापूर, मुरबाड, वाड्याच्या बाजूला. तेही नसेल तर मार्केटमध्ये पावसाळी भाज्या घेऊन बसणाऱ्या मावशींना विचारा, "तुमचा भोपळा कुठला?" गप्पा तिथून सुरू होतात. येऊरला जायचा विचार असेल तर तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, वनखात्याचे नियम पाळा. आणि कुठेही कोणाच्या परसात न विचारता शिरू नका.

फुलं बघायची तर आठच्या आत पोचा, शक्यतो आदल्या रात्री मुक्कामच करा. मुलांना बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण पानांना आणि देठांना बारीक कूस असते, ती टोचते, खाज सुटते. दाट पानांत हात घालू देऊ नका, या दिवसांत खाली काय बसलेलं असेल सांगता येत नाही. आधी काठीने पानं हलवून बघा. जमिनीवर पसरलेल्या वेलावर पाय देऊ नका, त्याला पेराजवळ मुळं फुटलेली असतात. फवारणी झाली आहे का हे विचारा आणि परत आल्यावर हात साबणाने धुवा.

भोपळा विकत घेणार असाल तर पिकलेला ओळखायचा असा: देठ वाळून लाकडासारखा झालेला, नख रुतत नाही इतकी साल टणक. तोडताना दोन-तीन इंच देठ ठेवायला सांगा, देठ मोडला की तिथून कुज शिरते. असा अख्खा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. त्यामुळे "एवढा खाणार कोण" हे आमच्या घरचं कारण आता चालत नाही. अर्ध्याचे घारगे, थोडं दह्यातलं भरीत, उरलेला शेजारी. आणि पैसे द्या हं, गावाकडचं म्हणून फुकट मागू नका.

शेवटचं

दोन फुलांचं काय झालं?

माझं टिकलं. कागदाखाली मस्त वाढतंय, मामींनी फोटो पाठवलाय, नारळाएवढं झालंय. पिकायला अजून महिना-दीड महिना लागेल.

लेकीचं पाचव्या-सहाव्या दिवशी पिवळं पडून गळलं.

मामींनी मला वेगळा फोन करून सांगितलं, दबक्या आवाजात, "तिला सांगू नका." मी दिवसभर विचार केला आणि रात्री सांगितलं. पोटात गोळा आला होता माझ्या. ती ब्लॉक्स लावत होती. थांबली. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होतो.

"आत अळ्या होत्या?"

"नाही. कागद होता ना."

"मग माशी आली नसेल." थोडा वेळ गेला. "पण माशी तर मीच होते. मी कमी लावलं. पुढच्या वेळी जास्त लावीन."

आणि परत ब्लॉक्स.

बायकोला आता सातवा महिना लागलाय. कोणी घरी आलं की लेक पोटाकडे बोट करून सांगते, इथे आमचं बाळ आहे. सरळ बोट.

चला मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात लहानपणी सांगितलेली अशी एखादी गोष्ट असेल, जिची तुम्हाला आतून भीती बसली होती आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत, तर व्हॉइस मेसेज करून पाठवा. नाव नाही सांगितलं तरी चालेल. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.